धुरीच्या खोलीतली सात रीडिंगं

धुळे, ता. ९ नोव्हेंबर १९६८

मोघे सर,

नमस्कार. एरवी साष्टांग लिहिते, आज नुसताच करते.

तुमचं पाकीट मंगळवारी मिळालं. आत तुमच्या हातचं एक अक्षर नव्हतं. टाइप केलेला इंग्रजी कागद, खाली टिंबांची ओळ, तिच्याखाली माझं नाव. कागद म्हणतो की केळीच्या वायूवरची माझी सात रीडिंगं प्रत्यक्ष घेतलेली नाहीत, मी ती बसल्या जागी रचली, आणि माझ्या मार्गदर्शकांना, म्हणजे तुम्हाला, याची कल्पना नव्हती. मी सही करून पाठवायची. ३१ मार्चपर्यंत सही आली नाही तर पीएच.डी.चं रजिस्ट्रेशन रद्द.

सही करणार नाही. हे आधीच लिहून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना तुमचा जीव टांगणीला नको.

दिल्लीच्या परिषदेत काय झालं हे तुम्ही मला कळवलं नाहीत. आमच्या धुळ्याच्या कॉलेजातले विभागप्रमुख प्रकाशचंद जैन सर तिथे मागच्या रांगेत होते, त्यांच्याकडून कळलं. तुम्ही वाचलंत की पिकत्या केळीतून निघणारा इथिलीन वायू, इतका विरळ असूनही, पॅलेडियम क्लोराईडच्या पाण्यात साध्या तापमानाला अडकतो, त्याचा दुहेरी बंध उघडतो, पाणी आत शिरून ॲल्डिहाइड होतं आणि धातू काळा होऊन तळाशी बसतो. सगळं नीट चाललं होतं. मग बिहारकडचा एक माणूस उठला आणि त्याने विचारलं, खोलीत धूर होता का? तुम्ही म्हणालात, धूर कसला? तो म्हणाला, आमच्याकडे केळी धुराने पिकवतात, धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो, आणि पॅलेडियमला काळं करायला तो एकटा पुरतो. लोक हसले. तुम्ही कागद गुंडाळून खाली बसलात.

सर, खोलीत धूर होता. आमच्या असोद्यात केळी पिकवायची खोली म्हटली की धूर आलाच. घड रचायचे, दाराच्या फटी शेणामातीने लिंपायच्या, आणि मडक्यात गोवऱ्या पेटवून भोकातून धूर आत सोडायचा. त्याला धुरी देणं म्हणतात. मी वहीत लिहिलं, 'पिकवायच्या खोलीत'. धुराचं लिहिलं नाही, कारण विहिरीचा पत्ता देताना आत पाणी आहे असं कोणी लिहीत नाही. आमच्या पंचक्रोशीत शेंबडं पोरही विचारणार नाही की खोलीत धूर होता का. तुम्ही विचारलं नाहीत, कारण पुण्यात केळं पिवळं होऊनच टोपलीत येतं. चूक झाली, आणि ती माझी जास्त आहे. पण चूक वेगळी आणि बसल्या जागी आकडे रचणं वेगळं. चैत्रात त्या खोलीत सात वेळा शिरून मी डोळ्यांची आग करून घेतली आहे. काळा साका सातही वेळा मी स्वतः गाळला, वाळवला, तोलला. मी रचलं काही नाही, लपवलंही काही नाही.

तुमच्या कागदात शेवटी अर्धा ग्रॅम पॅलेडियम क्लोराईड परत मागितलं आहे. ते मिळेल, पण आत्ता नाही. अडीच वर्षं मी तेच पुन्हा पुन्हा आम्लात विरघळवून वापरते आहे आणि अजून मला त्याचं काम आहे. मी प्रयोग परत करणार आहे, धुराशिवाय. धुरातला वायू पॅलेडियम काळं करतो पण ॲल्डिहाइड देत नाही. इथिलीन दोन्ही करतो. पिकल्या केळ्यात मुळातच थोडं ॲल्डिहाइड असतं, तेव्हा केळ्यांवरची हवा आधी ॲल्डिहाइड शोषून घेणाऱ्या बायसल्फाइटमधून धुऊन घ्यायची, ती कोरी झाल्याची खात्री करायची, आणि मग पॅलेडियमच्या नळीत सोडायची. नळीच्या आधी ॲल्डिहाइड नाही आणि नळीच्या नंतर आहे, असं निघालं तर ते नळीतच झालं. हे मागच्या वेळी केलं नाही. तेव्हा मी वास घेऊन 'ॲल्डिहाइड' असं लिहून मोकळी झाले, आणि तुम्ही त्यावर बरोबरची खूण केलीत.

पासष्ट साली तुम्ही फळ्यावर धातू आणि इथिलीन काढून दाखवलं होतंत. वायू धातूला इलेक्ट्रॉन देतो, धातू मागच्या बाजूने परत देतो, आणि या देण्याघेण्यात दोन कार्बनांमधला बंध सैल होतो. तास संपला तरी मी उठले नव्हते. त्या दिवशी मी ठरवलं की शिकायचं तर या माणसाकडे. त्या माणसाने मला असा कागद पाठवावा याचं मला फार वाईट वाटलं.

लता भोळे


असोदा, ता. ८ डिसेंबर १९६८

मोघे सर,

नमस्कार.

तुमचं उत्तर नाही. मी ते धरलंही नव्हतं. तरी कळवत राहणार, कारण पुढे कोणी विचारलं की ही बाई नोव्हेंबर ते मार्च काय करत होती, तर तुमच्या टेबलावर लेखी असावं.

आज रविवार म्हणून घरी आले आहे. प्रयोग असोद्यात करता येणार नाही, इथे संध्याकाळी घरोघर चूल पेटते. म्हणून तो धुळ्याला कॉलेजच्या तराजूच्या खोलीत मांडते आहे, तिथे विडीसुद्धा कोणी ओढत नाही. इथून न्यायच्या आहेत त्या आईच्या दोन मोठ्या लोणच्याच्या बरण्या. एकीत केळ्यांच्या हिरव्या फण्या आणि दुसरी रिकामी, नळ्या दोन्हींना सारख्याच. रिकाम्या बरणीमागची नळीही काळी पडली तर मी गाशा गुंडाळीन.

पंप कॉलेजात नाही. उंचावर पाण्याने भरलेला हंडा, त्याला घट्ट बूच, बुचातून एक नळी बरणीच्या बाजूला आणि दुसरीतून पाणी थेंबथेंब बादलीत. पाणी जेवढं उतरेल तेवढी हवा केळ्यांवरून ओढली जाईल. आमचा लॅब अटेंडंट चिंधा हंड्यावर नेमला आहे. हे तुमच्या लॅबमध्ये सांगितलं तर हसतील, पण हंडा वीज गेल्यावर बंद पडत नाही.

बरण्यांवरून घरी रामायण झालं. आई, म्हणजे भागाबाई, कैरीच्या बरणीला कोणाचा हात लागू देत नाही. मी ती सोड्याने तीनदा धुतली तशी ती ओट्यावर बसून राहिली आणि आबांना म्हणाली, "मही बरनी बाटोली इनं. शिकीसनी हेच केलं का पोरीनं?"

आबा शेतातून आलेले. म्हणाले, "काय भरून राह्यली व माय तिच्यात?"

मी म्हटलं, "केळं."

"केळाचं लोनचं घालते का?"

मग मी त्यांना पाटीवर काढून दाखवलं. आमचे आबा झुलाल भोळे चौथी पास आहेत, पण बसराई केळीच्या घडाकडे पाहून तो किती दिवसांत पिकेल हे सांगतात, आणि आजवर एका दिवसाने चुकलेले मी पाहिलेले नाहीत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हंजे या दोघाईनं येकमेकाले दोन्ही हातानं धरेल हाये, अन् हा धातू येक हात सोडोतो?"

"सोडवत नाही आबा, सैल करतो. मग पाणी मध्ये शिरतं."

"मंग भांडन लावनारा धातूच म्हना ना." आणि थोड्या वेळाने, "तुह्या त्या सरले सांगतलं का हे असं?"

मी म्हटलं, सरांनीच मला शिकवलं. तुमच्या कागदाचं त्यांना मी सांगितलेलं नाही. आपली पोरगी आकडे रचते असा कागद पुण्याहून आला, हे कोणत्या तोंडाने सांगू.

प्रकाशचंद सरांना मात्र सांगितलं. ते जळगावच्या कापडवाल्यांच्या घरातले. म्हणाले, "लताबाई, पेढीवर बसणाऱ्याला पडतं घ्यायला शिकावं लागतं. सही करून टाका. वर्षभराने दुसरा विषय घ्या, मोघेच तुम्हाला परत घेतील. नाकापेक्षा मोती जड करू नका." मी म्हटलं, सर, तुमच्या दुकानात कोणी म्हणालं की हा तागा तुम्ही चोरून आणला, तर तुम्ही पडतं घ्याल का? ते म्हणाले, "ताग्याची गोष्ट वेगळी."

मंगळवारपासून हवा सुरू करते.

लता भोळे


धुळे, ता. १९ जानेवारी १९६९

मोघे सर,

नमस्कार.

काळं पडलं नाही.

हे तुम्हाला कळवायची माझ्यावर सक्ती नव्हती. पाकीट आणून आठ दिवस टेबलावर ठेवलं आणि आज लिहिते आहे. डिसेंबर आणि जानेवारी मिळून त्याच फण्यांवरून बावीस दिवस हवा ओढली. पॅलेडियमची नळी पहिल्या दिवशी होती तशीच तांबूस, आरपार. पुढचं शिफचं द्रावण, ॲल्डिहाइड लागलं की गुलाबी होणारं, पाण्यासारखं कोरं. रोज सकाळी साडेसातला चिंधा माझ्या आधी जाऊन पाहायचा आणि दारातच सांगायचा. शेवटच्या दिवशी म्हणाला, "बाई, आजबी काहीच व्हयनं नही. हंडा मी बराबर भरा व्हता." आपल्या भरण्यात काही चुकलं असेल असं त्या बिचाऱ्याला वाटतं.

म्हणजे सातही रीडिंगं धुराची होती का? बिहारचा माणूस खरा, तुम्ही खरे आणि मी एकटी खोटी? या विचाराने मला दोन दिवस जेवण गेलं नाही. तुमचा टाइप केलेला कागद मी पेटीतून काढून परत वाचला. मग ठेवून दिला. मी चुकले असेन तर तसं लिहीन, पण 'बसल्या जागी रचली' हे शब्द माझ्या सहीच्या वर येणार नाहीत. सुंभ जळला तरी पीळ जात नाही म्हणा हवं तर.

शेवटी बरणी उघडली. आतली केळी बावीस दिवसांनीही हिरवी होती. हिरवीही नव्हेत, राखेसारखी मळकट आणि दगडासारखी टणक. ती एका कापडात बांधून एस.टी.ने असोद्याला नेली आणि आबांच्या पुढ्यात ठेवली. त्यांनी एक मोडून पाहिलं आणि माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी गायीला मांस घातलं.

"या थंडीत? पोरी, हिव्यात केळं झोपी जाते. ते पिकत नाही, नुसतं मरते. म्हनून तं हिवाळ्यात धुरी दुप्पट देतो आमी. धुरानं ऊब येते."

इथे पहाटे आठ अंश होतं. तराजूची खोली उत्तरेकडची, तिला ऊन लागत नाही. केळ्याने वायू सोडलाच नसेल तर पॅलेडियम काळं कशाने होणार? केळीच्या घरात जन्मून हे मला सुचू नये. इतकी वर्षं पुस्तकं वाचली आणि बापाला एक प्रश्न विचारला नाही. म्हणजे पासही नाही, नापासही नाही. बावीस दिवस फुकट गेले, एवढंच.

उन्हं तापली की पुन्हा मांडते. होळीनंतर धुळ्यात उबेची ददात नसते, पण मला तेवढं थांबता येणार नाही, तुमची तारीख ३१ मार्चची आहे. फेब्रुवारीच्या शेवटी सुरू करीन.

आणखी एक गोष्ट मनात घोळते आहे. ती आज लिहीत नाही.

लता भोळे


धुळे, ता. ९ मार्च १९६९

मोघे सर,

नमस्कार.

काळं पडलं, सर. धूर नाही, चूल नाही, विडी नाही, आणि काळं पडलं.

आबा चोवीस फेब्रुवारीला स्वतः घड घेऊन आले. जळगावहून एस.टी.च्या टपावर तो पोत्यात गुंडाळून, वर स्वतःचं पांघरूण घालून. कंडक्टरने घडाचं तिकीट मागितलं तर म्हणाले, "हा माह्या पोरीच्या कालेजात परीक्षेले बसनार हाये, याले अर्धं तिकीट दे." मी घरी कागदाचं काही सांगितलं नव्हतं, पण असोद्यात कोणती गोष्ट झाकून राहते. त्यांना माहीत होतं. मला विचारलं नाही. बरणी बघितली, फण्या स्वतःच्या हाताने आत लावल्या, आणि कडेला एक पिकायला लागलेलं केळं ठेवलं. म्हणाले, एक पिकलं की ते बाकीच्यांना उठवतं. दुपारी छत्तीस अंश होतं. परतीच्या गाडीला त्यांना घाई होती, चहासुद्धा घेतला नाही.

चौथ्या दिवशी नळीचा तांबूस रंग मळला. सहाव्या दिवशी सकाळी चिंधा दारात उभा नव्हता. मी आत गेले तर तो नळीसमोर गुडघ्यावर बसलेला. "बाई, दखा ना. धूर नही, मंग हाई काळं कशानं व्हयनं?" तळाशी काजळीसारखा बारीक साका होता. मी हात लावला नाही, आधी शिफची दोन्ही द्रावणं बघितली. नळीच्या आधीचं कोरं. नळीच्या नंतरचं गुलाबी. रिकाम्या बरणीमागचं सगळं पहिल्या दिवसासारखं.

मी तिथे स्टुलावर बसून रडले. चिंधाने प्रकाशचंद सरांना बोलावून आणलं. ते वाकून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "लताबाई, मी तुम्हाला तेव्हाच म्हटलं होतं, सही करू नका." चिंधा खिडकीबाहेर बघायला लागला.

दहाव्या दिवशी साका गाळून तोलला. सात मिलिग्रॅम. फार नाही. पण हवेत इतक्या विरळ असलेल्या वायूचा एकेक रेणू येतो, धातू त्याला धरतो, क्षणभर कार्बन आणि धातू यांचा थेट बंध होतो, आणि मग तो मोडतो तेव्हा कार्बनांची जुनी जोडी पूर्वीची राहिलेली नसते. तुम्ही फळ्यावर खडूने काढलेलं ते लोणच्याच्या बरणीत झालं. ते मी पाहिलं, सर. कोणी मला पदवी देवो न देवो, मी पाहिलं.

त्यानंतर एक उलटा प्रयोगही केला. तो तुम्हाला आवडणार नाही. केळी काढून टाकली आणि बरणीत मडक्यातल्या धुमसत्या गोवरीचा धूर सोडला. बायसल्फाइटमधून धुऊन घेतल्यावरही पॅलेडियम एका दुपारात काळं झालं, शिफ कोरं राहिलं. म्हणजे तो बिहारचा माणूसही खरा. मागच्या वर्षीच्या सात रीडिंगांतल्या काळ्यात धूर किती आणि केळं किती, हे आता ब्रह्मदेवालाही सांगता यायचं नाही.

नव्या प्रयोगाचे सगळे आकडे सोबत जोडले आहेत. आता तुमचा टाइप केलेला कागद तुम्ही मागे घ्यावा, एवढीच मागणी आहे. विनंती लिहिणार होते, पण मागणीच आहे.

लता भोळे


धुळे, ता. २६ मार्च १९६९

मोघे सर,

नमस्कार.

तुमचं पत्र आलं. या वेळी तुमच्या अक्षरात, चार पानी, वर 'चि. लता'. ते मी उभ्याउभ्या वाचलं आणि मग खाली बसून पुन्हा वाचलं. प्रयोग 'देखणा' आहे असं तुम्ही लिहिलंत. हा शब्द तुम्ही कोणाच्या कामाला वापरल्याचं मी कधी ऐकलेलं नाही. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला. एक दिवस मी ते पत्र पर्समध्ये घेऊन फिरले.

तिसऱ्या पानावर तुमची योजना आहे. आधीच्या कागदाची तुमच्याकडची प्रत तुम्ही फाडून टाकलीत. जुनी सात रीडिंगं प्रबंधात आहेत तशीच ठेवायची, नवा प्रयोग त्यांना दुजोरा म्हणून जोडायचा. धुराचा उल्लेख कुठेच करायचा नाही, उलटा प्रयोग गाळायचा. दिल्लीच्या परिषदेचं पुस्तक छापून निघतं आहे, त्यात आपला निबंध तसाच जाईल. परीक्षकांशी तुमचं बोलणं झालं आहे, जूनमध्ये तोंडी परीक्षा, आणि दिवाळीच्या आत मी डॉक्टर भोळे. यात कोणाचंच नुकसान नाही असं तुम्ही लिहिलंत, कारण निष्कर्ष शेवटी खराच ठरला आहे.

आता जानेवारीत लिहिली नाही ती गोष्ट लिहिते.

मागच्या वर्षी सतरा एप्रिलला, सातवं रीडिंग झाल्यावर, मी पॅलेडियममध्ये बुडवलेली कागदाची पट्टी वाळायला म्हणून स्वयंपाकघराच्या खिडकीत ठेवली. संध्याकाळी आईने चूल पेटवली. दिवेलागणीला मी पट्टी उचलली तर ती काळी होती. घरात केळ्याचं सालसुद्धा नव्हतं. मी कच्च्या वहीत तारीख घालून लिहिलं, 'चुलीच्या धुराने पट्टी काळी. बघावं.' आणि पाहिलं नाही. पक्की वही उतरवताना ते पान सोडून दिलं. चार दिवसांनी पुण्याला आले, तुम्ही रीडिंगं बघून लॅबमधल्या सगळ्यांना हाक मारलीत आणि मला विचारलंत, "लता, आणखी काही आहे का?" मी म्हटलं, नाही सर.

तुम्ही खूश होतात. इतके खूश तुम्ही माझ्या कामावर कधी झाला नव्हतात, आणि मला ते मोडायचं नव्हतं. याहून मोठं कारण शोधलं, पण सापडलं नाही. नोव्हेंबरात मी तुम्हाला ठणकावून लिहिलं की मी काही लपवलं नाही. ते खोटं होतं. ताकाला जाऊन भांडं लपवलं, वर तुम्हालाच चार शब्द सुनावले. असोद्यात धुराचं कोणी लिहीत नाही हे खरंच आहे, पण त्या संध्याकाळनंतर माझ्यापुरतं ते कारण उरलं नव्हतं. दिल्लीत तुमचं हसं झालं ते माझ्या त्या पानामुळे. त्याची माफी मागते. ही माफी तुम्ही माणूस म्हणून ठेवून घ्या, मग पुढचं वाचा.

ती सात रीडिंगं मी रचलेली नाहीत, पण ती काहीच सिद्ध करत नाहीत. ती प्रबंधात ठेवली तर नव्या प्रयोगालाही त्यांचाच वास लागेल. आज मी गप्प बसले तर पुढच्या वर्षी दुसऱ्या कुठल्या केळीच्या गावातली दुसरी कोणी मुलगी ते छापील पुस्तक वाचून धुरीच्या खोलीत नळी घेऊन शिरेल. नोव्हेंबरात तुम्ही मला न केलेलं पाप कबूल करायला सांगत होतात. आता केलेलं झाकायला सांगता आहात. दोन्ही वेळा बक्षीस तेच, पीएच.डी. माझ्या शब्दाचं तुम्हाला दोन्ही वेळा काही पडलेलं नाही, आणि सर, मला त्याचाच राग आहे.

हेही कबूल करते की मला ती पदवी हवी होती. अजूनही हवी आहे. आमच्या घराण्यात मॅट्रिकच्या पुढे गेलेली मी एकटी. आबांनी गावात सांगून ठेवलं आहे की पोरगी डॉक्टर होते आहे, सुया टोचणारी नाही, दुसरी. परवा त्यांना सगळं सांगितलं, त्या पानासकट. मग म्हणाले, "मंग आता डाक्टर नाही का?" मी म्हटलं, नाही आबा. म्हणाले, "पन ते काळं पडलं ते खरं ना?" मी म्हटलं, खरं. "मंग सांग ना तसं. चुलीचं बी सांग अन् बरनीचं बी सांग." आई आत भाकरी थापत होती. ती थांबली नाही, पण भाकरी करपली.

प्रकाशचंद सर म्हणतात की हे हात दाखवून अवलक्षण आहे, आणि कॉलेजातली माझी डेमॉन्स्ट्रेटरची नोकरीही यात जाऊ शकते. जाईल तर जाईल. चिंधाने हंडा रिकामा केलेला नाही. तो म्हणतो, पुढच्या घडाला लागेल.

दिल्लीच्या संपादकांना मी इंग्रजीत दीड पान लिहिलं आहे. सातही रीडिंगं मागे घेते, खोलीत धूर होता, तो पॅलेडियमला काळं करतो हे मला सतरा एप्रिलपासून माहीत होतं आणि मी ते मार्गदर्शकांपासून लपवलं, असं त्यात आहे. तुम्हाला माहीत नव्हतं हे पहिल्याच परिच्छेदात लिहिलं आहे, कारण ते खरं आहे. सोबत कच्च्या वहीतलं मूळ पान आहे, आणि बरणीचे दोन्ही प्रयोग, सुलटा आणि उलटा. सही माझी एकटीची.

ते पाकीट आज सकाळी अकरा वाजता धुळ्याच्या पोस्टात रजिस्टर केलं. हे पत्र मुद्दाम त्यानंतर लिहायला बसले. आता तुमची तार आली तरी मला काही बदलता येणार नाही.

लता झुलाल भोळे